शूटच्या दिवशी गडबड झाली तर? नाशिकच्या शूटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमधे गेली अकरा वर्षं फोटोग्राफी करते. लग्नं, प्री-वेडिंग, डोहाळजेवण, बारसं, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत दुकानदारांचे प्रॉडक्ट शूट. एवढ्या वर्षांत ठरवलं तसंच्या तसं पार पडलेलं शूट शोधायचं म्हटलं तर मला डायरी उघडावी लागेल. पाऊस येतो, लाइट जाते, मुहूर्त पुढे सरकतो, कोणाला तरी चक्कर येते. नवीन मुलं शूटच्या मधूनच फोन करतात, ताई आता काय करू, आणि जोडपी आदल्या रात्री साडेअकराला मेसेज करतात की उद्या ढग दिसतायत, कॅन्सल करायचं का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहिलंय, दोन्ही बाजूंना उपयोग होईल असं.

गडबड झाली की सगळ्यात आधी काय करायचं?

समोरच्याला सांगायचं. लगेच आणि साध्या शब्दांत. "फ्लॅशचा ट्रिगर चालत नाहीये, दहा मिनिटं द्या", "पाणी वाढतंय, इथून निघायचं". बरीच मुलं घाबरून कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसतात आणि सगळं ठीक असल्यासारखं दाखवतात, पण नवरीला ते कळतं हो, तिचे खांदे वर जातात आणि मग पुढचे वीस फोटो त्याच ताठरलेल्या खांद्यांचे येतात.

आणि दुसरी गोष्ट गडबडीच्या आधीच व्हायला पाहिजे. बुकिंगच्या वेळी मी एक प्रश्न विचारतेच विचारते, की असा कोणता एक फोटो आहे जो नाही मिळाला तर तुम्हाला हळहळ वाटेल? एका मुलीनं सांगितलं होतं, आजीबरोबर घराच्या ओट्यावर, तिथेच बसून तिनं माझी वेणी घातलीय. बाकी सगळं शूट चामरलेणीच्या पायथ्याशी होतं आणि त्या दिवशी वारा इतका सुटला की सॉफ्टबॉक्सचा (फ्लॅशवर लावायच्या मऊ उजेडाच्या कापडी पेटीचा) दांडाच वाकला. मी तिथे अर्धा तास वाऱ्याशी झगडत बसले असते, पण तो ओट्याचा फोटो डोक्यात होता म्हणून सगळं गाडीत टाकलं, घरी गेलो, ऊन उतरायच्या आत आजी आणि ती. नेमकं काय हवंय हे माहीत असलं की बाकीचं सोडून देता येतं.

पावसाळ्यात गोदाघाटावर शूट ठरवलंय, पाणी वाढलं तर?

आपल्या नाशिककरांना हे सांगायला नको पण बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर फक्त शहरात पडणाऱ्या पावसानं येत नाही. वरती त्र्यंबकला, गंगापूर धरणाच्या पाणलोटात पाऊस झाला आणि धरणातून विसर्ग सोडला की इकडे डोक्यावर ऊन असतानाही रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. बातमीत येतं "५,००० क्युसेक", त्याचा अंदाज येत नाही, म्हणून हिशोब लक्षात ठेवा, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे ५,००० क्युसेकला सेकंदाला जवळपास १ लाख ४० हजार लिटर. जुन्या लोकांचं माप वेगळंच आहे, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, त्यावरून पूर किती ते ठरतं, आणि आजही घाटावरचा कोणताही दुकानदार तुम्हाला त्याच भाषेत सांगेल.

एका ऑगस्टमधे सकाळी सहाला शूट चालू होतं, जोडपं पाण्यापासून पाच पायऱ्या वर बसलेलं. मी लेन्समधून बघत होते म्हणून मला काहीच कळलं नाही. मुलीची आई मागे उभी होती, ती एकदम म्हणाली, "अगं मगाशी इथे नारळ अडकलेला होता, ती पायरी कुठे गेली?" बघितलं तर पाच पायऱ्यांच्या तीन राहिलेल्या. आवाज नाही, लाट नाही, पाणी नुसतं गुपचूप वर आलेलं. त्याच मिनिटाला सगळं उचललं आणि वरच्या बाजूला नारोशंकराच्या मंदिराकडे सरकलो, उरलेले फोटो ओल्या काळ्या दगडावर काढले. तेव्हापासून मी पहिलं काम करते ते म्हणजे पाण्यालगतच्या पायरीवर खडूनं रेघ मारते आणि असिस्टंटला सांगते, दर दहा मिनिटांनी रेघ बघायची. रेघ दिसली नाही तर फोटो अर्धा राहिला तरी चालेल, उठायचं.

आदल्या रात्री धरणाच्या विसर्गाची बातमी बघायची, पायात पैंजण-चपला असतील तर शेवाळलेल्या पायऱ्यांवर उभं राहायचंच नाही. आणि आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, त्यामुळे मागच्या महिन्यात बघितलेला कोपरा आज मोकळा असेल असं धरून चालू नका, आदल्या दिवशी संध्याकाळी एक चक्कर मारा.

द्राक्षबागेत शूट करायचंय, मार्चमधे बघून आलो होतो, आता बाग ओळखूच येत नाहीये, असं कसं?

हा प्रश्न मला दर एप्रिलमधे येतो. द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटतात. माल निघाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमधे फळासाठी गोड्या बहराची छाटणी. खरड छाटणी झाली की मांडवावर एक पान राहत नाही, नुसते ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या) आणि तारा. तुम्ही मार्चमधे घड लटकलेली हिरवीगार बाग बघून १८ एप्रिलची डेट ठरवली तर तुम्हाला काड्याच दिसणार, यात बागायतदार काकांची काहीच चूक नाही. घडांसहित बाग हवी असेल तर साधारण जानेवारी ते मार्च, आणि डेट पक्की करताना काकांनाच विचारा की तुमचा माल कधी उतरणार, कारण व्यापारी आला आणि सौदा झाला की दोन दिवसांत बाग रिकामी होते.

पोचल्यावर रिकामी बाग दिसली तर? रडू नका. बागेच्या बांधावरचं आंब्याचं झाड, शेततळं, पॅकिंगची शेड, क्रेटच्या थप्प्या. छाटलेल्या बागेतल्या तारांच्या सरळ रेघा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सुंदर दिसतात, जमिनीवर त्यांच्या सावल्या पडतात. मी एकदा पूर्ण प्री-वेडिंग अशा उघड्या बागेत काढलंय आणि त्या जोडप्याला ते हिरव्या फोटोंपेक्षा जास्त आवडलं होतं, सगळ्यांकडे तसलेच हिरवे फोटो असतात ना.

अजून एक, काकांना विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. औषध मारलेलं असेल तर त्या दिवशी बागेत जायचंच नाही, विशेषतः लहान मुलं किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर. आणि घड हातात धरून पोझ द्यायची असेल तर देठाला धरा. मण्यावर पांढरट धुरकट थर असतो तो बोटं लागली की पुसला जातो, मग तो घड फोटोतही डागाळलेला दिसतो आणि बाजारातही.

आदल्या रात्री गारपीट झाली, शूट बागेतच आहे, काय करू?

रद्द करा. आता कारण सांगते. दिंडोरीकडच्या एका बागेत आमचं शूट होतं, मार्च महिना, आदल्या संध्याकाळी अवकाळी आणि गारा. सकाळी काकांना फोन लागला नाही म्हणून आम्ही गेलोच. बागेत शिरल्यावर पायाखाली मणी फुटत होते. काका एका ओळीत उकिडवे बसून घड हातात घेऊन बघत होते, मण्यांना तडे गेलेले, रस गळत होता आणि त्याला माश्या लागलेल्या. आम्हाला बघून ते उठले आणि म्हणाले, "या या, त्या टोकाची लाइन बरी आहे, तिकडे काढा फोटो." आमचा नवरदेव स्वतः निफाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यानं कोट काढून गाडीत ठेवला आणि काकांबरोबर बागेत फिरत राहिला, मी कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. नंतर त्यानं विचारलं म्हणून पंचनाम्यासाठी लागतील तेवढे नुकसानीचे फोटो मात्र मोबाईलवर नीट काढून दिले, तारीख-वेळ-लोकेशन दिसेल असे. प्री-वेडिंग पुढच्या रविवारी सोमेश्वरला केलं. अशा दिवशी कोणाच्या रानात सजून उभं राहून फोटो काढू नयेत असं माझं ठाम मत आहे, पैसे दिले असले तरी.

वीज चमकायला लागली तर किती वेळ थांबायचं?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच गाडीत किंवा पक्क्या इमारतीत. शेवटचा गडगडाट झाल्यापासून ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखाली नाही, द्राक्षाच्या मांडवाखाली तर नाहीच नाही, सगळ्या तारा आहेत त्या. लाइट स्टँड उभे असतील तर तिथेच सोडा.

कॅमेरा भिजला, तांदळात ठेवू का?

नको. तांदळाची पूड आणि दाणे आत जातात. पहिलं काम बॅटरी काढा, मग कार्ड काढा, आणि चालू होतोय का बघायला बटण अजिबात दाबू नका, पाण्यापेक्षा त्या एका दाबण्यानंच जास्त बोर्ड जळतात. लेन्स काढून सुती कपड्यानं पुसायचं, लेन्स बसते ती बाजू (माउंट) खाली करून ठेवायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन दिवस. हेअर ड्रायरची गरम हवा नको. आणि मग सर्व्हिस सेंटर. शूट चालू ठेवायला दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, लागते, लग्नाचं काम घेत असाल तर दुसरी बॉडी ही चैन नाही, भाड्यानं घ्या पण घ्या.

पावसाळ्यात माझ्या बॅगेत नेहमी काळ्या कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या असतात. कॅमेऱ्याला रेनकोट होतो, जमिनीवर अंथरता येतात, नवरीचा घेर गुंडाळून ओढा ओलांडता येतो.

एसी हॉलमधून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते.

पुसत राहू नका, काच गार आहे तोपर्यंत ती येतच राहणार. दमट हवा गार काचेवर बसते, पाण्याच्या गार ग्लासला बाहेरून थेंब येतात तसंच. कॅमेरा बॅगेत चेन लावून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. वरातीच्या आधी मी एक बॉडी मुद्दाम बाहेर गाडीतच ठेवते.

थंडीत बॅटरी पटकन उतरते का?

उतरते. निफाडला कधी कधी पारा ५ अंशांच्या खाली जातो, तिथे पहाटेचं शूट असेल तर जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. संपली म्हणून दाखवणारी बॅटरीही अंगाच्या ऊबेनं थोडी परत येते, दहा-बारा फोटो निघतात.

मुहूर्त लांबला आणि भर दुपार झाली, डोळ्यांखाली काळे खड्डे येतायत.

मे महिन्यातल्या लग्नांत हे होणारच. आपलं नाशिक २० अक्षांशावर आहे, त्यामुळे १९-२० मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस. वरून ऊन आलं की भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठावर, मुंडावळ्या असतील तर त्यांचे पट्टे गालावर. कितीही महागडा कॅमेरा असला तरी हे बदलत नाही.

मग उन्हातून बाहेर या. कार्यालयाच्या दाराच्या आत दोन पावलं, सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. बाहेर फरशी पांढरी असेल तर तीच खालून उजेड फेकते, आणि डोळ्यांत छान चमक येते. जागाच नसेल तर दोन करवल्यांना पांढरी ओढणी किंवा उपरणं ताणून डोक्यावर धरायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यांनाही मजा येते.

पण खरं म्हणजे मुहूर्तानंतर "आता निवांत फोटो काढू" हे कधी होतच नाही. अक्षता पडल्या की पंगती, आहेर, सूनमुख, आणि नवरीनं सकाळपासून काही खाल्लेलं नसतं. म्हणून दोघांचे मुख्य फोटो मी सकाळी, तयार झाल्या झाल्या, पंधरा मिनिटांत उरकते, घरच्यांना आधीच पटवून ठेवलेलं असतं. काही घरांत मुहूर्ताआधी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं असतं, तिथे हट्ट करायचा नाही, दोघांचे वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि जोडीचे फोटो संध्याकाळी जाण्याच्या वेळी.

हॉलमधल्या फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे येतात, कॅमेरा बिघडला का?

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फास्ट शटरला दिसतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे जवळजवळ जातात. सायलेंट शटर चालू असेल तर बंद करा. स्टेजच्या मागची मोठी एलईडी वॉल वेगळ्याच वेगानं चालते, तिथे आधी चार टेस्ट फोटो काढून शटर ठरवा, मंगलाष्टकं सुरू झाल्यावर नाही.

पैठणीचं प्रॉडक्ट शूट चालू होतं आणि लाइट गेली, दुकानदार थांबायला तयार नाही.

माझ्या बाबतीत हे येवल्यातच झालंय. बावीस साड्या, सातव्या साडीला लाइट गेली आणि येण्याची चिन्हं नाहीत. फ्लॅशच्या बॅटऱ्या तासाभरात संपल्या. मग खोलीत उत्तरेकडची एक खिडकी होती, तिला दुकानातलंच पांढरं मांजरपाट लावलं, समोरच्या बाजूनं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद. साडीला काही हलायचं नसतं, त्यामुळे चालतं. फक्त पंखा बंद पाहिजे, तो तर बंदच होता.

अडचण रंगाची. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून ती धूपछांव दिसते, जरा कोन बदलला की जांभळ्याची मोरपंखी होते. त्यात आधीच्या सहा साड्या फ्लॅशच्या उजेडात आणि पुढच्या खिडकीच्या, म्हणजे एकाच दुकानाच्या दोन वेगळ्या तऱ्हा दिसणार आणि गिऱ्हाईक म्हणणार की फोटोत वेगळा रंग होता. म्हणून मी पहिल्या सहाही परत काढल्या, सगळ्या खिडकीत, प्रत्येक साडीबरोबर एक फोटो राखाडी कार्ड ठेवून, नंतर रंग जुळवायला. दुकानदार दादा आधी वैतागले, पण पदरावरचे मोर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितले आणि गप्प बसून चहा सांगितला. दुपारी तीननंतर ढग आले तेव्हा मात्र थांबलो, उरलेल्या चार साड्या दुसऱ्या दिवशी.

मिसळीचं शूट आहे, फरसाण मऊ पडतं, तर्रीवर साय धरते.

उजेड आणि कॅमेरा लावेपर्यंत डमी प्लेट ठेवा, काल उरलेली मटकी चालेल. सगळं जमलं की खरी प्लेट आणायची, रस्सा आधी, फरसाण आणि कांदा अगदी शेवटी, तर्री चमच्यानं डोळ्यासमोर सोडायची. तुमच्याकडे तीन-चार मिनिटं असतात.

ड्रोनवाल्याला पोलिसांनी थांबवलं, असं का होतं?

कारण नाशिक हे ड्रोनसाठी नाजूक शहर आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, ओझरला विमानतळ आणि विमानं बनवणारी एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे झोन दाखवलेत. लाल झोनमधे केंद्राच्या परवानगीशिवाय नाही, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत चालतं. आणि आपण पैसे घेऊन शूट करतो म्हणजे ते कमर्शियल, त्यामुळे २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. क्लायंटनी बुकिंग करताना ते बघायला मागावं, लाजू नये.

नांदूर मधमेश्वरला पक्ष्यांवर ड्रोन सोडायची कल्पना डोक्यातून काढून टाका. अभयारण्य आहे ते, रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आल्याचं जानेवारी २०२० मधे जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा.

थांबवलं तर वाद घालायचा नाही, ड्रोन खाली आणायचा. वरून शॉट हवाच असेल तर कार्यालयाची गच्ची, किंवा शेतातली पाण्याची टाकी. वरातीचा गच्चीवरून काढलेला फोटो मला तरी ड्रोनपेक्षा आवडतो, माणसांची तोंडं दिसतात.

पांडवलेणीवर ट्रायपॉड लावू दिला नाही.

बरोबर केलं त्यांनी. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, २४ लेणी आहेत, प्रोफेशनल शूटला आधी परवानगी काढावी लागते आणि ती आयत्या वेळी मिळत नाही. परवानगी नसेल तर खाली उतरा, पायथ्याला काढा. आणि कडेकपारीच्या कुठल्याही जागी, परवानगी असली तरी, आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघा. उग्र परफ्यूम, धूर, स्मोक बॉम्ब, ड्रोनचा आवाज, यातलं काहीही नको. मोहोळ उठलं तर कॅमेरा सोडून पळायचं.

मुंबईची पार्टी कसारा घाटात अडकली, सूर्यास्त जाणार.

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईवाल्यांना मी शूटच्या वेळेआधी दोन तासांची वेळ सांगते, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकसाठी अर्धा तास वेगळा. तरीही उशीर झालाच तर सूर्य गेल्यावरची वीस मिनिटं वाया घालवू नका, आकाश निळं असतं आणि एक साधा एलईडी पुरतो. किंवा उद्या सकाळी. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला थंडीतली सकाळ संध्याकाळपेक्षा उजवीच असते, गर्दी नाही, पाण्यावर धुकं.

नवरीला चक्कर आली, बाळ रडायचं थांबत नाही, किंवा दोघांचं भांडण झालं.

कॅमेरा खाली. हे तिन्हीला एकच. चक्कर आली तर सावली, पाय वर, दागिने-शेला सैल करा, शुद्धीवर असेल तर ओआरएस घोट घोट. माझ्या बॅगेत लेन्सच्या शेजारीच ओआरएसच्या पुड्या असतात. पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर डॉक्टर, फोटो नाही.

बाळाच्या शूटला आईच घाईत असते, "ताई एवढा वेळ वाया जातोय तुमचा". नाही जात. बाळाला दूध पाजू दे, झोपू दे, झोपलेल्या बाळाच्या मुठीचे, पायाच्या तळव्यांचे फोटो काढा. भांडण झालं तर दोघांना वेगळं करा, एकाला चहा आणायला पाठवा, दुसऱ्याचे एकट्याचे फोटो घ्या. मधे पडून समजूत घालायची नाही.

ब्लाउज उसवला, नऊवारीचा काष्टा सुटला.

सेफ्टी पिना दोन साइजच्या, सुई-दोरा, दुहेरी टेप, काळ्या रंगाची एक जुनी ओढणी आडोशाला. बाईला कपडे बदलायला जागा कुठे आहे हे रेकीलाच, म्हणजे जागा आधी बघायला जाता तेव्हाच, बघा, सूर्यास्ताचा कोन बघता तसंच. बऱ्याच मुली शूटमधे अवघडलेल्या दिसतात त्याचं कारण तेवढंच असतं, त्या गाडीत वाकून कपडे बदलून आलेल्या असतात.

भाड्यानं आणलेली लेन्स फोकसच करत नाही.

दुकानातच, काउंटरवर उभं राहून, स्वतःच्या बॉडीवर लावून वीस फोटो काढा आणि मोठे करून बघा. मी एकदा घाईत नुसती पेटी उचलली होती, मांडवात उघडली तर आत बुरशीचं जाळं. दुकानाचं नाव घेऊन काय उपयोग, बघायचं काम माझं होतं. त्या दिवशी सगळं लग्न झूम नसलेल्या ५० एमएमच्या लेन्सवर काढलं, पुढे-मागे चालत.

शूट पुढे ढकललं तर पैशाचं काय?

बुकिंगच्या वेळी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. माझ्याकडे असं आहे: पाऊस, पूर, आजारपण, घरात दुःखद घटना, यासाठी अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होतो, जादा काही नाही. फोटोग्राफर आजारी पडला तर त्यानं स्वतः बदली माणूस द्यायचा किंवा सगळे पैसे परत. ही शेवटची अट क्लायंटनी मागून घ्यावी, बरेच जण लिहितच नाहीत.

कार्ड एरर आली, फोटो दिसत नाहीत. क्लायंटला कधी सांगू?

आधी कार्डाचं. कार्ड कॅमेऱ्यातून काढा आणि त्याच्यावर एकही नवीन फोटो काढू नका. कॅमेरा फॉरमॅट करू का विचारेल, नाही म्हणा. फोटो बहुतेक वेळा आतच असतात, त्यांची यादी बिघडलेली असते, नवीन काही लिहिलं की मात्र खालचे कायमचे जातात. घरी येऊन फोटोरेक सारखं फुकट सॉफ्टवेअर चालवा, निघालेले फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच कार्डावर नाही. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्हीत एकदमच सेव्ह होईल असं सेटिंग आजच करून टाका.

आता सांगायचं कधी. त्याच दिवशी. मी हे चुकले आहे. चौथ्या वर्षी एका हळदीचं कार्ड गेलं, सकाळचे सगळे फोटो. मला वाटलं रिकव्हर होतील, कशाला उगाच लग्नघरात टेन्शन, म्हणून चार दिवस गप्प बसले. साधारण एक तृतीयांश निघाले, उरलेले नाही. पाचव्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. मुलीचे वडील ओरडले नाहीत, त्यांनी शांतपणे एवढंच म्हटलं, "ताई, त्या दिवशी सांगितलं असतंत तर घरात साठ पाहुणे होते, प्रत्येकाच्या मोबाईलमधे काहीतरी होतं. आता सगळे आपापल्या गावी गेले, कोणी ठेवले कोणी डिलीट केले." मी हळदीचे पैसे परत केले, पण ते फोटो परत आले नाहीत. पाहुण्यांना फोन करून करून एकवीस मिळाले, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, धूसर.

म्हणून आता काही गेलं तर तासाभरात घरच्या एका शांत माणसाला बाजूला घेऊन सांगते, बहुतेक मामा किंवा मोठा भाऊ, नवरीला नाही. आणि लगेच ग्रुपवर मेसेज टाकायला सांगते: आज सकाळचे हळदीचे फोटो-व्हिडिओ कोणीही डिलीट करू नका, आणि पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे साइज कमी होत नाही. ज्यांना जमत नाही, आजी-आजोबा वगैरे, त्यांचा मोबाईल घेऊन माझा असिस्टंट केबलनं उतरवून घेतो, पंगत चालू असतानाच.